महिन्याला एक विषय, चार फोटो आणि न वाचलेली एक अट

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही किंवा ज्यांचा डेटा पॅक संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित उतारा. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला माझ्या तोंडात 'ॲक्च्युअली' येतं, तेवढं गाळलंय. बाकी बरंचसं जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय: दर महिन्याला एक थीम देऊन होणाऱ्या हौशी फोटोग्राफी स्पर्धा. त्यात भाग कसा घ्यायचा, फोटो कसा निवडायचा आणि 'सबमिट' दाबायच्या आधी काय वाचायचं. हे शेवटचं मी वाचलं नव्हतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी मूळचा कारंजा घाडग्याचा. वर्धा जिल्हा, नागपूर-अमरावती हायवेवरचं गाव. (वाशिमवालं कारंजा वेगळं, ते लाड. दर वेळी सांगावं लागतं.) आमच्याकडे संत्रा आणि कापूस. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन स्पर्धेचा त्या महिन्याचा विषय होता 'शेतकरी'. मी गॅलरी उघडली. दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हाचा एक फोटो होता: अंबिया बहाराची तोडणी चालू, बाबा झाडाखाली वाकून कॅरेटमध्ये फळं ठेवताहेत, मागून कोवळं ऊन. टाकला. उत्तेजनार्थ म्हणून एक पीडीएफ सर्टिफिकेट आलं, मी स्टेटसला ठेवलं, संपलं.

पुढच्या हंगामात बाबांचा फोन आला. बसस्टँडजवळ एका फवारणीच्या औषधाचा बॅनर लागला होता आणि त्यावर बाबा. हातात संत्र, बाजूला औषधाची बाटली चिकटवलेली.

"काहून रे, मी कधी म्हटलं मी हे औषध मारतो म्हणून? लोकं विचारून राहिले, किती पैसे भेटले."

पैसे काहीच भेटले नव्हते. मी स्पर्धेची नियमावली शोधून काढली. अकराव्या की बाराव्या कलमात स्वच्छ लिहिलेलं होतं की आलेले सगळे फोटो आयोजक आणि त्यांचे सहयोगी कुठल्याही माध्यमात, कायमसाठी, मोबदल्याशिवाय वापरू शकतील. सगळे म्हणजे फक्त जिंकलेले नाहीत, आलेले सगळे. आणि खाली चौकट होती, 'मला अटी मान्य आहेत'. ती मीच टिचकवली होती. गंमत बघा, मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. अशी चौकट फॉर्मवर बसवणं हे माझ्या रोजच्या कामातलं काम. लोक ती न वाचता टिचकवतात हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे.

बाबा चिडले नाहीत, ते बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर मी मोबाइल वर केला की ते उठून दुसरीकडे जायचे.

मग स्पर्धांच्या नादाला लागायचंच कशाला? मीही सोडलं होतं. परत आलो ते विषयासाठी. नुसता फोन हातात असला की आपण सूर्यास्त, चहाचा ग्लास आणि आपलं तोंड, या तीन गोष्टींभोवती फिरतो. कुणीतरी बाहेरून सांगितलं की या महिन्यात फक्त 'दरवाजे', तर तेच गाव वेगळं दिसायला लागतं. ही कल्पना काही आजची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे, आणि कॅमेरा क्लबांमध्ये सभासदांची ठरावीक काळाने स्पर्धा, त्यावर जाणत्याची टीका, हा शिकण्याचा जुना मार्ग आहे. कारंज्यात कॅमेरा क्लब नाही. पण फोन आहे.

तर मी सध्या जिथे भाग घेतो ती स्पर्धा सांगतो. विकिपीडियात जे फोटो दिसतात, त्यातले बहुतेक विकिमीडिया कॉमन्स नावाच्या कोठारात ठेवलेले असतात. २००४ साली सुरू झालं, आज त्यात दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. तिथे 'फोटो चॅलेंज' नावाची मासिक स्पर्धा चालते. महिन्याला साधारण दोन विषय. एका विषयाला एका माणसाचे जास्तीत जास्त चार फोटो. फोटो तुम्ही स्वतः काढलेला हवा. जुना असला तरी चालतो, पण कॉमन्सवर तो त्या महिन्यात पहिल्यांदा चढवलेला हवा. महिना संपला की पुढच्या महिन्यात मतदान. मत देणारे तुमच्या-माझ्यासारखेच, खातं असलेले लोक. पहिल्या पसंतीला ३ गुण, दुसऱ्या पसंतीला २, तिसऱ्या पसंतीला १. कुणी कुणाला मत दिलं ते उघड दिसतं. फी नाही, रोख बक्षीस नाही.

रोख बक्षीस नाही म्हटल्यावर अर्धे श्रोते गेले असतील. जे राहिले त्यांना सांगतो, आमच्या भागासाठी यात एक फायदा आहे जो पैशात मोजता येत नाही. आपल्या तालुक्याचे चांगले फोटो इंटरनेटवर जवळपास नाहीतच. तुम्ही काढलेला कार नदीच्या धरणाचा किंवा गवळाऊ बैलाचा फोटो हरला, तरी तो कोठारात राहतो आणि उद्या कुणीतरी त्या विषयावर लेख लिहिताना तो वापरू शकतो. हरलेल्या फोटोचाही उपयोग होतो अशी स्पर्धा मला दुसरी सापडली नाही.

आता विषयाकडे. सगळ्यात मोठी चूक मी वर केलीच आहे: विषय वाचला, गॅलरी उघडली, जवळपासचं काहीतरी शोधून टाकलं. त्याने काम होतं, पण तो फोटो विषयासाठी काढलेला नसतो आणि पाहणाऱ्याला ते कळतं. महिना दिलेला असतो तो फिरण्यासाठी. मी आता विषय जाहीर झाला की पहिला आठवडा फोटो काढतच नाही. नोट्स ॲपमध्ये फक्त लिहितो, काय काय डोक्यात येतं ते. समजा विषय आहे 'पाणी'. पहिल्या पाच कल्पना सगळ्यांच्या सारख्याच असतात: पावसाचा थेंब, धरण, नळाखालची बादली, नदीतलं प्रतिबिंब, तहानलेला कुत्रा. त्या पाचही खोडायच्या. सहावीपासून तुमचं गाव सुरू होतं. माझ्या यादीत सहाव्या जागी होती ठिबकची नळी. उन्हाळ्यात संत्र्याच्या बुडाशी भेगाळलेल्या काळ्या मातीवर ताटाएवढा एकच ओला गोल, बाकी सगळं कोरडं. फोटोत पाणी दिसतच नाही, फक्त त्याची जागा दिसते. तो माझा आतापर्यंतचा सगळ्यात जास्त गुण मिळालेला फोटो. जिंकला नाही, पण अनोळखी लोकांनी गुण दिले.

'खेळणी' असा विषय आला तर आपल्याकडे तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. आपल्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर त्याच्या मोठमोठ्या नंदींसाठी नावाजलेला. बाहेरच्या मतदाराने हे कधी पाहिलेलंच नसतं. मात्र इथे एक धोका आहे. 'वेगळं आहे' एवढ्यावर फोटो चालत नाही. ज्याला पोळा म्हणजे काय हे माहीत नाही त्यालाही एका नजरेत कळलं पाहिजे की हे खेळणं आहे आणि हे पोर त्याच्यावर जीव टाकतंय. वर्णनात पोळ्याबद्दल लिहा, जरूर लिहा, मराठीतही लिहिता येतं. पण मतदार आधी फोटो पाहतो, तोही छोट्या चौकोनात, बाकी शंभर फोटोंच्या गर्दीत. म्हणून पाठवण्याआधी मी फोटो स्क्रीनवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघतो. तेवढ्यातही काय आहे ते कळलं तर ठीक.

बंधनं घालून घेतली की फोटो सुधारतो, याचं आमच्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण आहे आणि मला ते फार आवडतं. सेवाग्राम आश्रमात कनू गांधी होते, गांधीजींचे नात्याने नातू. त्यांना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मला उभं राहायला किंवा बसायला सांगायचं नाही, आणि आश्रम याचा खर्च करणार नाही. विचार करा, मातीच्या भिंतींच्या कुटीत जेमतेम उजेड, हातात त्या काळची मंद फिल्म, एकेका फ्रेमला पैसे लागणार, आणि समोरच्याला 'इकडे बघा' म्हणायचं नाही. म्हणजे वाट बघायची. खिडकीतून उजेड कधी येतो, माणूस आपल्या आपण कधी वळतो. गांधीजींचे शेवटच्या दहा-बारा वर्षांतले घरगुती, जवळचे फोटो आज आपण बघतो त्यातले कित्येक या अटींमधून आलेत.

मी एक महिना या अटी स्वतःवर लावून पाहिल्या. फ्लॅश बंद, पोज नाही, दिवसाला बारा फोटो. बारा यासाठी की रोलायफ्लेक्सच्या रोलमध्ये बाराच फ्रेम येतात. पहिले तीन दिवस बारा फोटो सकाळी दहालाच संपले.

तांत्रिक बाबतीत फार सांगत नाही, यूट्यूबवर ढीग आहे. पण विदर्भातल्या माणसाला हमखास नडणारी एक गोष्ट आहे, कापूस. कॅमेऱ्याला कापूस कळत नाही. त्याला फक्त किती उजेड परत येतोय ते कळतं, आणि तो समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतो. फ्रेमभर पांढरा कापूस असला की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो फोटो दाबतो आणि गंजी मळकट करडी येते. काळ्या मातीचं उलटं. शेत फ्रेमभर असलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजळवतो आणि आपली काळीभोर माती राखेसारखी फिकी दिसते. आजचे फोन हुशार झालेत, तरी ही खोड पूर्ण गेलेली नाही. उपाय सोपा आहे: स्क्रीनवर बोटाने टेकवायचं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, कापसाला थोडं वर, मातीला थोडं खाली. मात्र भर दुपारच्या उन्हात कापूस वर नेऊ नका, बोंडांचे पापुद्रे जळून नुसता पांढरा डाग राहतो. वेचणी तशीही सकाळीच सुरू होते, तेव्हाच जा. आणि लेन्स पुसा. मी मस्करी करत नाहीये. अर्धे 'धुके असलेले' फोटो खिशातल्या तेलकट बोटांचे असतात.

झूमबद्दल एकच. बोटांनी चिमटा काढून जे झूम होतं ते बऱ्याच फोनवर नुसतं कापून मोठं केलेलं असतं. 'प्राणी' विषय आला की सगळ्यांना बोर व्याघ्र प्रकल्प आठवतो, आपल्याच जिल्ह्यात आहे. पण फोनने जिप्सीतून काढलेला वाघ हा बहुधा पट्टे असलेला ठिपका असतो. त्यापेक्षा शेजारच्या गोठ्यातली शेळी तीन फुटांवर उभी राहते आणि तक्रार करत नाही.

आणि खरेपणा. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही लंडनची जगप्रसिद्ध स्पर्धा. २००९ चा तिथला विजेता फोटो होता फाटकावरून रात्री उडी मारणाऱ्या लांडग्याचा. नंतर परीक्षकांना खात्री पटली की तो लांडगा बहुधा शिकवलेला, पाळीव होता, आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं बक्षीस स्वतःच नाकारलं, कारण त्याची प्रवेशिका एआयने बनवलेली होती आणि स्पर्धा हे ओळखते का, हेच त्याला बघायचं होतं. आता बऱ्याच ठिकाणी मूळ फाइल मागतात. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. क्रॉप, थोडा उजेड, थोडा रंग, एवढं सहसा चालतं. आकाश बदलणं, फोनच्या 'इरेझर'ने विजेची तार पुसणं, हे चालतं का ते त्या-त्या नियमात बघा. आमच्याकडे तर विजेच्या तारा पुसल्या तर गावच ओळखू येणार नाही.

मूळ फाइल म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेली नव्हे. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं, आणि फाइलच्या पोटात लपलेली माहिती, म्हणजे तारीख, कॅमेरा, सेटिंग, बहुतेक सगळी उडते. मित्राच्या फोनवर काढला असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. उलट बाजूही लक्षात ठेवा. त्याच लपलेल्या माहितीत लोकेशनही असू शकतं. धरणाचं लोकेशन जगाला कळलं तर चांगलंच आहे. तुमच्या घराच्या अंगणाचं कळावं का, हे फाइल चढवण्याआधी ठरवा.

आता हक्कांचं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो काढला त्या क्षणी, कुठेही नोंदणी न करता, त्याचा कॉपीराइट काढणाऱ्याचा. अपवाद आहेत: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढला, उदाहरणार्थ लग्नाचा, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. (साइडला लग्नाच्या ऑर्डर घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.) नोकरीत कामाचा भाग म्हणून काढला तर बहुधा मालक कंपनी. स्पर्धेत तुम्ही काय करता, तर हा हक्क पूर्ण देऊन टाकता किंवा वापरायची परवानगी देता. दोन्हींत फार फरक आहे आणि नियमावलीत तो एका शब्दात लपलेला असतो. मी आता चार गोष्टी शोधतो. हक्क 'हस्तांतरित' होतोय की नुसती परवानगी? जिंकलेल्या फोटोंचीच की आलेल्या सगळ्यांची? किती वर्षं? आणि 'सहयोगी', 'प्रायोजक' असे शब्द आहेत का? आमचा बॅनर या शेवटच्या शब्दातून आला.

कॉमन्सवर काय असतं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण 'मोफत आणि चांगल्या कामासाठी' म्हटलं की आपण परत डोळे मिटतो. तिथे फोटो खुल्या परवान्यावर जातो. मी वापरतो तो सीसी बाय-एसए ४.०. हक्क तुमच्याकडेच राहतो, पण जगात कुणीही तो फोटो वापरू शकतो, बदलू शकतो, अगदी धंद्यासाठीही. अट एवढीच की तुमचं नाव द्यायचं, आणि बदल करून पुढे दिला तर त्याच परवान्यावर द्यायचा. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणजे औषध कंपनीला तो फोटो बॅनरवर लावायला कॉपीराइटची अडचण इथेही नाही!

मग फरक काय? फरक असा की हे सगळं पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठला फोटो द्यायचा हे मी शुद्धीत ठरवतो. ठिबकचा ओला गोल कुणीही लावावा. कापसाची गंजी लावावी. माणसाचं तसं नाही. फोटोचा हक्क माझा असला तरी त्यातला चेहरा माझा नाही, आणि परवाना फक्त फोटोचा असतो. ओळखू येणारा चेहरा असेल तर मी आता आधी विचारतो, आणि विचारताना 'स्पर्धेला पाठवू का' असं विचारत नाही. 'हा फोटो कुणीही, कशासाठीही छापू शकेल, चालेल का' असं विचारतो. निम्मे लोक नाही म्हणतात. लहान पोरांचे चेहरे मी टाकतच नाही. तान्ह्या पोळ्याला बैलावर फोकस करा, पाठमोरी पोरं घ्या.

एक बारीक गोष्ट राहिली. सार्वजनिक जागेतल्या इमारतीचा किंवा पुतळ्याचा फोटो आपल्या कायद्यात चालतो, पण भिंतीवर रंगवलेलं चित्र किंवा सिनेमाचं पोस्टर हा दुसऱ्या कलाकाराचा हक्क. फ्रेमभर तेच असेल तर कॉमन्सवरून फोटो काढून टाकला जातो. माझा एक गेलाय असा.

भाग कसा घ्यायचा ते पटकन: कॉमन्सवर खातं उघडा, चालू महिन्याच्या चॅलेंजचं पान शोधा, तिथल्याच अपलोडच्या दुव्यावरून फोटो चढवा. फाइलचं नाव आयएमजी आणि आठ आकडे असं ठेवू नका, 'संत्र्याच्या बुडाशी ठिबक, कारंजा घाडगे' असं कळणारं द्या. शेवटच्या रात्रीची वाट बघू नका, आपल्याकडे नेटवर्कचा काही नेम नाही. आणि पुढच्या महिन्यात मतदानाला जा. शंभर फोटो बघून तीन निवडायला लागले की आपला का मागे पडला ते कुणी न सांगता दिसतं.

बाबांचं राहिलं. मागच्या हंगामात एका महिन्याचा विषय होता 'हात'. मी काही बोललो नाही, नोट्समध्ये सहावी कल्पना म्हणून फक्त लिहून ठेवलं. मग एके दिवशी तोडणी चालू असताना बाबांना सगळं समजावलं, परवाना, बॅनर, कुणीही, कशासाठीही, सगळं. त्यांनी फळ कॅरेटमध्ये ठेवलं आणि विचारलं, "तोंड येते काय त्यात?"

"नाही. फक्त हात."

"मग काढ. पण आधी हे दहा कॅरेट गाडीत ठेव."

ठेवले. तोवर ऊन वर चढलं होतं, म्हणून फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. चार पाठवले, चारही हातांचे. नंबर आला नाही. बाबांना कळवलं तर म्हणाले, "ज्याचा आला त्याचा दाखव." दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

पुढच्या भागात जुन्या अल्बममधले फोटो घरच्या घरी स्कॅन कसे करायचे. तुमच्या घरात असा अल्बम असेल तर तोवर प्लास्टिकच्या पाकिटातून फोटो ओढून काढू नका, चिकटलेले असतात. कसे सोडवायचे ते सांगतो.